कोंबड्या रात्री दांडीवर बसत नाहीत : कारण शोधण्याचा क्रम

नाशिक शहरात बंगल्याच्या मागच्या अंगणात किंवा आसपासच्या मळ्यातल्या वस्तीवर पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. खुराडे चांगले बांधले आहे, आत दांड्या बसवल्या आहेत, पुढे फिरण्यासाठी जाळीचे आवारही केले आहे. पण रात्री कोंबड्या दांडीवर चढत नाहीत. अशी बरीच खुराडी दुरुस्त केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की बहुतेक मालक चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. ते आधी सुतार बोलावतात, दांड्या बदलतात, प्रसंगी खुराड्याची जागाही हलवतात. मात्र अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन आत काय चालले आहे हे कोणी पाहिलेले नसते. रात्रीचा बिघाड दिवसा तपासून सापडत नाही, म्हणून खालच्या क्रमात पैसे न लागणाऱ्या आणि संध्याकाळनंतर करायच्या तपासण्या आधी घेतल्या आहेत, आणि फावडे, सिमेंट व वखारीतले लाकूड यांची पाळी सर्वांत शेवटी ठेवली आहे.

लक्षणे नीट ओळखा

पहिला प्रश्न असा की कोंबड्या कधी दांडीवर बसतच नव्हत्या, की आधी बसत होत्या आणि आता सोडून दिले आहे. या दोन तक्रारी ऐकायला सारख्या वाटल्या तरी त्यांची कारणे बहुधा वेगळी निघतात. पहिल्या दिवसापासून सगळ्या कोंबड्या कोपऱ्यात जमिनीवर ढीग करून झोपत असतील, तर त्यांना दांडीची सवय नाही किंवा दांडी त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. व्यवस्थित बसणाऱ्या कोंबड्यांनी अचानक दांडी सोडली असेल, तर रक्त पिणारे कीटक, रात्री येणारा एखादा प्राणी किंवा गळणारे छप्पर यांपैकी काहीतरी आत शिरले आहे असे समजावे.

याशिवाय पुढील खुणा लक्षात घ्याव्यात. कोंबड्या वर चढतात, पण सतत पाय बदलतात, एकमेकींना ढकलतात आणि काही वेळाने खाली उतरतात. अंडी घालण्याच्या पेट्यांतच झोपतात आणि सकाळी अंडी शिटेने माखलेली मिळतात. खुराड्यात शिरायलाच तयार नसतात आणि आवाराच्या चौकटीवर, कुंपणाच्या भिंतीवर किंवा शेवग्याच्या झाडावर रात्र काढतात. सकाळी तुरा फिका दिसतो, अंडी कमी होतात, एखादी कोंबडी लंगडते किंवा तिच्या तळव्याला गाठ आलेली असते. फक्त एकच कोंबडी वेगळी वागत असेल, तर दोष खुराड्यात शोधू नये. तो बहुधा त्या कोंबडीत असतो.

संध्याकाळी अर्धा तास बसून पाहणे

ही तपासणी फुकट आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त उत्तरे हीच देते. नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासात वाजतात, त्यामुळे घड्याळाकडे न पाहता सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी खुराड्यापासून थोडे दूर बसावे. कोंबडीला अंधारात फारच कमी दिसते, म्हणून ती पूर्ण अंधार होण्याआधीच जागा निवडून मोकळी होते. खुराड्याला एकच लहान दार असेल आणि खिडकी नसेल, तर बाहेर उजेड असतानाच आत काळोख झालेला असतो आणि कोंबड्या दारापाशी घुटमळतात. अशा वेळी बॅटरीवर चालणारा एखादा मंद दिवा संध्याकाळी आत ठेवावा, सगळ्या स्थिरावल्या की तो बंद करावा, आणि पुढे सवडीने मावळतीच्या बाजूला जाळी लावलेला झरोका काढावा.

त्याच वेळी बाहेर उंच बसण्याजोगे काय आहे तेही पाहावे. कोंबडी उपलब्ध जागांतली उंच जागा पसंत करते. आवारात करमणुकीसाठी लावलेली फांदी खुराड्यातल्या दांडीपेक्षा उंच असेल, किंवा द्राक्षबागेच्या मांडवाचे जुने अँगल वापरून केलेल्या चौकटीवर आडवी पट्टी असेल, तर रात्रीची गर्दी तिथेच होणार. आवारातल्या दांड्या खुराड्यातल्या दांड्यांपेक्षा खाली आणाव्यात, आणि शेवग्यावर चढणाऱ्या कोंबड्यांना काही दिवस सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी आत घेऊन दार लावावे.

एकच कोंबडी पेटीत बसून असेल, हात घातल्यावर पिसे फुगवून गुरगुरत असेल आणि दिवसाही उठत नसेल, तर ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. खुडूक कोंबडी दांडीवर न बसणे हा दोष नव्हे, त्यासाठी काही दुरुस्त करायचे नाही.

सवय नसलेल्या कोंबड्या

मोठ्या पोल्ट्रीतून किंवा पिंजऱ्यातून आणलेल्या तलंगांनी, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्यांनी, दांडी पाहिलेलीच नसते. पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाल्यापासून उंचवट्यावर चढून बसू लागतात, आणि या वयात ज्यांना दांडी मिळाली नाही त्या पुढे गोंधळतात. यावर उपाय कष्टाचा आहे, पण खर्चाचा नाही. अंधार पडल्यावर पेट्यांची तोंडे पुठ्ठ्याने बंद करावीत आणि प्रत्येक कोंबडी दोन्ही हातांनी उचलून हलकेच दांडीवर ठेवावी. अंधारात ती सहसा पुन्हा खाली उडी मारत नाही. हे एक-दोन आठवडे रोज करावे लागते, आणि एखादी रात्र चुकली तर पुन्हा मागे जावे लागते. पेट्यांची तोंडे पहाटे लवकर उघडावीत, नाहीतर अंडी कोपऱ्यात घातली जातात आणि ती नवीच सवय मागे लागते. पूर्वीच्या घरांत रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवत. तशाच वाढलेल्या गावरान कोंबड्याही दांडीवर यायला वेळ घेतात, पण एकदा आल्या की त्यांच्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही.

मोजपट्टी घेऊन करायच्या तपासण्या

प्रथम पेटीची आणि दांडीची उंची मोजावी. पेटीचा उंबरा दांडीपेक्षा वर असेल तर कोंबड्या पेटीतच झोपतील, मग तुम्ही कितीही शिकवा. गावरान व कडकनाथ हलक्या असतात आणि तीन-चार फुटांवर सहज उडतात. वनराजा, गिरिराज यांसारख्या जड जातींना मात्र दीड ते दोन फुटांपेक्षा उंच दांडी देऊ नये. जड कोंबडीला वर जाण्यापेक्षा खाली येणे जास्त महाग पडते. रोज सकाळी शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर उडी मारून तळव्याला सूक्ष्म जखमा होतात, त्यांत जंतू शिरतात आणि काळी खपली असलेली टणक गाठ तयार होते. दांडीखाली भाताच्या तुसाची चांगली जाड गादी आणि वर चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली उतरती फळी एवढ्याने हा त्रास बराच टळतो.

त्यानंतर लांबी मोजावी. प्रत्येक कोंबडीला आठ ते दहा इंच दांडी लागते, भिंतीपासून अंतर किमान एक फूट हवे, आणि दोन समांतर दांड्यांत बारा ते पंधरा इंच मोकळे हवेत. थंडीत कोंबड्या चिकटून बसतात म्हणून कमी लांबी पुरते असे वाटते, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच कोंबड्यांना पंख सैल सोडून बसायला जागा हवी असते. दांड्या शिडीसारख्या खालीवर लावू नयेत असे मी आग्रहाने सांगतो, कारण सगळ्यांनाच वरची पायरी हवी असते, दुबळ्या कोंबड्या चोची खाऊन खाली उतरतात, आणि जी कोंबडी खाली बसते तिच्यावर वरच्यांची शीट पडते. सगळ्या दांड्या एका पातळीवर ठेवल्या की भांडण निम्मे मिटते.

आता दांडी हाताने धरून हलवावी. ती गोल फिरत असेल किंवा झोके खात असेल, तर कोंबडी रात्रभर तोल सांभाळत राहते. कोंबडी बसते तेव्हा पाय दुमडला जाऊन कंडरा ताणल्या जातात आणि बोटे आपोआप आवळली जातात. ही पकड मिळण्यासाठी दांडी दीड ते दोन इंच रुंद, खरबरीत आणि स्थिर हवी. वखारीतून दोन बाय दोन इंचाची पट्टी आणून तिच्या वरच्या कडा रंध्याने गोल करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. नळकामातून उरलेला प्लास्टिकचा पाइप गुळगुळीत असतो, त्यावर जड कोंबडी टिकत नाही. बांबू स्वस्त व हाताशी असतो, पण तो घसरतो, चिरतो, आणि त्याच्या पोकळ टोकांत कीटक घर करतात. वापरायचाच असेल तर टोके लांबीने (सुतार फटीत भरतात त्या पुट्टीने) किंवा सिमेंटने बुजवावीत. लोखंडी पाइप निफाडच्या बाजूला तरी लावू नये, कारण तिथे काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली जातो आणि तळव्यांना तो गारठा रात्रभर सोसावा लागतो. दांडी स्क्रूने कायमची न जोडता दोन्ही बाजूंना खाचेत बसवावी, म्हणजे स्वच्छतेसाठी ती उचलून उन्हात टाकता येते. पुढच्या तपासणीत या खाचेचा उपयोग कळेल.

रात्री पांढरा कपडा घेऊन

आधी बसणाऱ्या कोंबड्यांनी दांडी सोडली असेल तर या तपासणीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. कोंबड्यांचे रक्त पिणारे तांबडे कोळी एक मिलिमीटरहून लहान असतात. दिवसभर ते दांडीच्या टोकाशी, खाचेत, फळ्यांच्या सांध्यांत लपतात आणि अंधार झाला की बाहेर येऊन कोंबडीवर चढतात. दिवसा कोंबडी उचलून पाहिली तर अंगावर काहीच सापडत नाही, आणि म्हणूनच मालक ठामपणे सांगतात की आमच्याकडे कीटक नाहीत. अंधार पडून तास-दोन तास झाल्यावर पांढरा ओला कपडा दांडीच्या खालच्या बाजूने दाबून पुसावा. कपड्यावर तांबूस रेघा उमटल्या तर निदान झाले. दिवसा सांध्यांजवळ राखेसारखी करडी भुकटी दिसणे, खुराडे झाडल्यावर आपल्याच हाताला खाज सुटणे, तुरा फिका पडणे या जोडीच्या खुणा आहेत. कोंबडीची गोचीडही अशीच फटीत राहते आणि रात्री रक्त पिते. ती आकाराने बरीच मोठी, चपटी व मळकट तपकिरी असते, आणि तिच्यामुळे कोंबड्यांना ताप व हिरवी हगवण आणणारा रोगही पसरू शकतो.

उपाय एका दिवसाचा नाही. गादी पूर्ण काढून लांब नेऊन जाळावी, दांड्या बाहेर काढून त्यांवर व सांध्यांत उकळते पाणी ओतावे, कडक उन्हात वाळवावे, फटी लांबीने बुजवाव्यात आणि आतून चुना मारावा. साधारण एका आठवड्याने हे सगळे पुन्हा करणे आवश्यक आहे, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून तोपर्यंत नवे कोळी निघालेले असतात. खुराडे रिकामे ठेवून कोळी उपाशी मरतील असा भरवसा धरू नये. रक्ताविना ते कित्येक महिने तग धरतात. दांडीला रॉकेल चोळण्याची पद्धत अजून दिसते, ती सोडून द्यावी, त्याने तळवे भाजतात. नाशिककरांना वेगळे सांगायला हवे ते असे की द्राक्षबागेसाठी घरात ठेवलेले कीटकनाशक खुराड्यात फवारू नये. कोणते औषध, किती प्रमाणात आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे पशुवैद्यकानेच ठरवावे.

रात्रीचा पाहुणा

कीटक सापडले नाहीत तर संध्याकाळी दारापाशी व जाळीच्या कडेने राखेचा किंवा रांगोळीचा पातळ थर पसरावा आणि सकाळी ठसे पाहावेत. बहुतेकदा आळ मुंगसावर घेतला जातो, पण मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे; रात्री येतात त्या घुशी, मांजरे, उदमांजर आणि कधी साप. यांपैकी कोणी एकदा आत आले की कोंबड्या त्या खुराड्याला घाबरतात, मग हल्ला झालेला असो वा नसो. षटकोनी छिद्रांची नेहमीची कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खुराड्याच्या झरोक्यांना आणि आवाराच्या खालच्या दोन-तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी, आणि तिची खालची कड बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट वळवून मातीखाली दाबावी. उकरणारा प्राणी जाळीच्या पायथ्याशीच उकरू लागतो आणि त्याच्या पंजाला ही आडवी जाळी लागते.

छप्पर, वारा आणि नाकाची परीक्षा

दांडी पत्र्याच्या फार जवळ असेल तर उन्हाळ्यात दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत आच फेकतो, म्हणून दांडीपासून छपरापर्यंत दीड-दोन फूट तरी अंतर हवे. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारी झड थेट दांडीवर येत असेल तर त्या बाजूला गोणपाट किंवा ताडपत्री लावावी, मात्र छपराखालची हवेची फट बंद करू नये. खेळती हवा वरून जावी आणि बसलेल्या कोंबडीच्या अंगावर झोत येऊ नये, एवढेच साधायचे आहे.

त्यानंतर पहाटे दार उघडताच खाली बसून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यावा. नाक झोंबले किंवा डोळ्यांत पाणी आले तर ओल्या गादीतून अमोनिया सुटतो आहे. मूठभर तूस दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी जास्त ओली आहे. ती बदलावी आणि ओल कुठून येते ते शोधावे. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातगिरण्यांतून तूस मिळते, पण ते घेताना कोरडे व बुरशी नसलेले पाहून घ्यावे.

सर्वांत खर्चाचे : आवाराची जमीन

गादी पुन्हा पुन्हा ओली होत असेल आणि छप्पर गळत नसेल, तर ओल कोंबड्यांच्या पायांनीच आत येत आहे. नाशिक भागातली काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि कोंबड्यांनी उकरून गवत संपवले की पावसाळ्यात आवाराचा राडा होतो. चिखलाने भरलेले पाय दांडीही निसरडी करतात, आणि तळव्याच्या जखमांना हाच चिखल भोवतो.

यातही स्वस्त उपाय आधी करावा. पत्र्याच्या पागोळ्या आवारात पडत असतील तर पन्हळ लावून पाणी बाहेर काढावे. पुष्कळदा निम्मा चिखल तिथलाच असतो. दारासमोर चार-पाच फुटांत जाडसर वाळू किंवा खडी टाकावी, म्हणजे आत शिरण्याआधी पाय काहीसे पुसले जातात. तेवढ्याने भागले नाही तरच सहा इंच काळी माती काढून मुरूम भरावा, धुमसावा, दर दहा फुटांना तीन-चार इंच उतार द्यावा आणि खालच्या कडेला चर काढावा. सिन्नर-येवल्याकडे बहुधा पन्हळच पुरते. इगतपुरी-त्र्यंबकला मात्र निम्म्या आवारावर छप्पर घातल्याशिवाय मुरूमही हरतो. प्रत्येक कोंबडीला आवारात दहा चौरस फुटांच्या आसपास जागा हवी. जागा कमी असेल तर कोंबड्या कमी कराव्यात, कारण कोणतीही जमीन त्या दाटीपुढे टिकत नाही. छपराखालच्या कोरड्या कोपऱ्यात राख मिसळलेली बारीक माती ठेवली की कोंबड्या त्यात लोळून पिसांतल्या उवा कमी करतात. छाटणीनंतर फुकट मिळणारा द्राक्षाचा पाला मात्र आवारात टाकू नये, त्यावर फवारणीचे अवशेष असतात.

कुठे थांबावे

तळव्याची काळी खपली घरी ब्लेडने कापू नये. आत पू खोलवर गेलेला असू शकतो, ते काम पशुवैद्यकाचे आहे. एक पाय पुढे व एक मागे पसरून पडलेली, मान वाकडी झालेली, घरघर करणारी किंवा हिरवी पातळ शीट टाकणारी कोंबडी दांडीवर बसत नसेल, तर खुराड्याची तपासणी तिथेच थांबवून तिला वेगळे ठेवावे आणि डॉक्टरांना बोलवावे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर दिलेली नसल्यास विलंब करूच नये. कोळ्यांवर दोनदा पूर्ण स्वच्छता करूनही कपडा तांबडाच निघत असेल, तरी पुढचा निर्णय डॉक्टरांचाच.

दोन दिवसांत एकाहून जास्त कोंबड्या अचानक मेल्या तर मेलेली कोंबडी कापू नये, उकिरड्यावर फेकू नये, उघड्या हाताने धरू नये, आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. २००६ मध्ये बर्ड फ्लूची देशातली पहिली नोंद आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली होती, त्यामुळे ही काळजी अतिरेकाची समजू नये.

खुराड्यात साप दिसला तर काठी न उचलता सर्पमित्राला बोलवावे. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे ठसे आढळले तर जाळी मजबूत करत बसू नये; कोंबड्या पक्क्या खोलीत हलवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दिव्याची वायर ओल्या आवारातून न्यायची असेल तर ती वायरमनकडूनच टाकून घ्यावी.

पशुवैद्यकाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोन करण्याआधी कोंबड्यांची जात व वय, दिलेल्या लसी, दांडी केव्हापासून सोडली ती तारीख आणि त्या काळात बदललेले खाद्य किंवा आणलेली नवी कोंबडी एवढे कागदावर लिहून ठेवावे. ताज्या शिटेचा आणि दांडीवर फिरवलेल्या कपड्याचा फोटोही काढून ठेवावा, कारण डॉक्टर बहुधा दिवसा येतील आणि तेव्हा कोळी फटीत गेलेले असतील.